रेसिप्रोकेटिंग सॉ: वायरचा की बॅटरीचा?

मित्र अडलाय, हा सॉ (पातं पुढे-मागे चालवणारी यांत्रिक करवत) कोणता घेऊ? दिवसभर जाड लाकूड, पाइप कापायचे तर वायरचा दमत नाही. मात्र वायर पात्यापासून लांब, मागे ठेवायची आणि सोललेली नाही ना, हे रोज बघायचं. बॅटरीचा अडचणीच्या जागी सुटसुटीत. पण प्लग नाही म्हणून लोक बॅटरी न काढताच पातं बदलतात, आणि बोट ट्रिगरवर पडतं! यंत्राची उसळी दोन्हींत तीच; पुढचा शू (पात्याभोवतीची धातूची टेकण) कामावर घट्ट टेकवला नाही तर यंत्र हातात नाचतं. वायरच्या बहुतेक यंत्रांत कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) झिजतात, ते स्वस्तात बदलतात. बॅटरी थकली की खर्च मोठा. सलग तोडफोडीला वायरचा घ्यावा, फांद्या नि अधूनमधूनच्या दुरुस्तीला बॅटरीचा.