लिआंगपी घरी करायची तर मैदा धुवायचा की नुसतं पीठ कालवायचं?

चीनमधल्या शिआन शहराची लिआंगपी म्हणजे थंडगार, गुळगुळीत, जराशा चिवट रुंद नूडल्स, वर काकडी, मोड, लसणाचं पाणी, काळं व्हिनेगर आणि भरपूर मिरचीचं तेल. घरी करायचे मुख्य रस्ते दोन.

पहिला धुण्याचा. ३०० ग्रॅम मैदा, साधारण १५० मिली पाणी, चिमूटभर मीठ, घट्ट मळून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचं आणि मग पातेल्यात पाणी घेऊन त्या पाण्यातच गोळा चोळत बसायचं. पाणी दुधासारखं झालं की गाळून बाजूला, नवं पाणी, परत चोळा, असं चार-पाच वेळा. मधेच गोळा पार विरघळल्यासारखा होतो, घाबरू नका, चाळणीत अडकलेले तुकडे एकत्र दाबले की परत चिकटतात. शेवटी हातात पिवळट रबरासारखं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, उरतं. पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वरची निवळ हळूच ओतून द्या, तळाशी चीक. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना हे वेगळं सांगायला नको, तोच गव्हाचा चीक, फक्त इथे गहू तीन दिवस भिजवत नाहीत आणि चीक शिजवून साच्यातून पाडायच्या ऐवजी ताटलीत वाफवतात. कणीक मात्र घेऊ नका, कोंडा उतरतो आणि पापुद्रा खरबरीत होतो.

दुसरा शॉर्टकट. १ वाटी मैदा, पाऊण नाही हं, पाव वाटीच कॉर्नफ्लोअर, दीड वाटी पाणी, मीठ, गुठळ्या मोडून गाळा, अर्धा तास ठेवा, झालं. तासाभरात ताट समोर.

पुढचं दोन्हीकडे सेम. सपाट ताटलीला तेल, पळीभर पीठ (दर वेळी तळापासून ढवळून, नाहीतर चीक खालीच बसतो), उकळत्या पाण्यावर झाकून दोन-तीन मिनिटं. पापुद्रा पारदर्शक होऊन मोठे फुगे आले की ताटली काढून गार पाण्यावर तरंगत ठेवायची, मग सोलायचा, तेलाचा हात लावून एकावर एक रचायचे आणि कापायचे.

मग निवडायचं काय? धुतलेली जास्त पारदर्शक आणि लवचिक होते, ओढली तर ताणते. शॉर्टकटवाली पांढरट, मऊ, चवीला वाईट नाही पण ती ओढ नाही. खरा फरक मात्र त्या ग्लुटेनचा. जरा यीस्ट चोळून, फुगू देऊन १५-२० मिनिटं वाफवलं की जाळीदार स्पंज होतो, त्याचे तुकडे सगळा सॉस पिऊन बसतात आणि माझ्या मते लिआंगपीतला बेस्ट घास तोच. शॉर्टकटमध्ये तो मिळत नाही, पनीर-बिनीर घालून ती जागा भरत नाही.

म्हणून सुट्टीच्या आदल्या रात्री वेळ असेल तर धुवाच. ऑफिसातून आल्यावर नुसतीच तलफ आली असेल तर पीठ कालवा आणि सगळी मेहनत मिरचीच्या तेलावर घाला.

ग्लुटेन चालत नसेल तर दोन्ही बाद. मग तांदळाची करा, शिआनजवळच्या छिनझनची मीपी तांदळाचीच असते, तांदूळ भिजवून बारीक वाटायचे आणि असंच वाफवायचं. फक्त सोया सॉस आणि काळ्या व्हिनेगरचं लेबल वाचा, त्यांत बऱ्याचदा गहू असतो.