फ्रॉस्टपंक: उणे चाळीस अंशांत हुकूमशाही कशी परवडते

फ्रॉस्टपंक हा संगणकावरचा गेम सुरू केल्यावर कायद्याचं पुस्तक लगेचच उघडतं आणि त्यात बहुतेक खेळाडू पहिली सही करतात ती इमर्जन्सी शिफ्टवर. एका ठिकाणच्या माणसांना सलग चोवीस तास राबवायचं, एवढाच तो कायदा. कारणही पटण्यासारखं असतं. वर्कशॉप रात्रभर चाललं तर संशोधन पुढे सरकतं आणि बाहेर टेहळणीला टोळी पाठवण्यासाठी लागणारा बीकन, म्हणजे दिशादर्शक दिवा, लवकर मिळतो. थोडी कुरबूर होते, बाकी काही नाही. पुढचे तीस-चाळीस दिवस तुम्ही जे जे करणार असता त्याची सुरुवात ही अशी होते.

पोलंडमधल्या वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजनी हा गेम २४ एप्रिल २०१८ ला पीसीवर आणला, कन्सोलवर तो ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. काळ १८८६ चा, पण कल्पनेतला. जग गोठलंय, लंडन सोडून आलेली ८० माणसं एका खड्ड्यात कोळशावर चालणाऱ्या अवाढव्य जनरेटरभोवती वस्ती करतात. तुम्ही त्यांचे कॅप्टन. आशा आणि असंतोष असे दोन काटे पडद्यावर कायम दिसत राहतात. आशा शून्यावर आली किंवा असंतोष टोकाला गेला, की लोक मुदत देतात आणि मुदतीत सुधारलं नाही तर तुम्हाला हाकलून देतात. सोलापुरात मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना पडद्यावर उणे चाळीसची काळजी करत बसणं जरा विनोदी वाटतं, पण पहिला तंबू गार पडला की हसू थांबतं.

नीतिमत्तेवरचे बहुतेक गेम संवादात दोन पर्याय देतात: भिकाऱ्याला पैसे द्या किंवा लाथ मारा. दुष्ट व्हायचं की नाही हे ठरवून खेळायचं, त्यामुळे मनाला काही टोचत नाही. फ्रॉस्टपंकमध्ये दुष्टपणाचं बटण नाही. इथे हिशेब आहे, आणि हिशेब कमी पडला की कायदा.

तो हिशेब असा. ८० जणांत ५० कामगार, १५ इंजिनिअर, १५ मुलं. वर्कशॉपला ५ इंजिनिअर लागतात, दवाखान्यालाही ५, आणि एका दवाखान्यात रुग्ण मावतात पाचच. म्हणजे दोन दवाखाने उघडले की इंजिनिअर संपले. उघड्यावरच्या ढिगाऱ्यातून कोळसा, लाकूड, पोलाद गोळा करायला प्रत्येक ढिगावर १५ जण जातात आणि गारठून आजारी पडतात. आजारी माणूस काम करत नाही, उलट खाट अडवतो. शिकारीला १५ जण रात्री जातात. एवढं वाटून झाल्यावर हाताशी कोणी उरत नाही, आणि १५ मुलं रिकामी बसलेली दिसतात.

मुलांना सुरक्षित कामाला लावायचा कायदा तिथेच, एका क्लिकवर असतो. स्वयंपाकघरात आणि ढिगांजवळच्या केंद्रांवर ती कामाला लागतात आणि अडचण त्याच दिवशी सुटते. दुसरा रस्ता म्हणजे बालगृह. ते बांधायला लाकूड जातं, मुलं कामाला येत नाहीत, पण पुढे त्यांना दवाखान्यात किंवा इंजिनिअरांच्या हाताखाली मदतनीस करता येतं. नवखे खेळाडू इथेच चुकतात. त्यांना वाटतं बालगृह म्हणजे फक्त पुण्याचं काम, प्रत्यक्षात लांबच्या हिशेबात ते उत्तम पडतं. पण पहिल्या आठवड्यात लांबचं बघायला फुरसत कोणाला असते?

जेवणाचंही तेच. दहा कच्च्या अन्नातून नेहमी वीस जेवणं होतात, सूप केलं तर पंचवीस, भुसा मिसळला तर तीस. सुपाने लोक चिडतात, भुशाने आजारी पडतात. कामाची पाळी नेहमी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. वाढीव पाळीचा कायदा केला की सकाळी सहा ते रात्री आठ, म्हणजे चौदा तास. जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या आज्या-आजोबांची घड्याळं चालली त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आतापर्यंतचं सगळं टंचाईचं राजकारण. खरी हुकूमशाही येते ती विंटरहोम नावाच्या दुसऱ्या वस्तीचा नाश झाल्याची बातमी आल्यावर. आशा धाडकन कोसळते आणि ‘लंडनर्स’ नावाचा गट परत जायची तयारी करू लागतो. त्या वेळी दोन वाटा उघडतात, ऑर्डर किंवा फेथ, म्हणजे शिस्त किंवा श्रद्धा. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. शिस्तीच्या वाटेवर आधी वस्तीतल्याच लोकांचा पहारा, मग पहारेकऱ्यांच्या चौक्या, मुकादम, प्रचार केंद्र, तुरुंग आणि जबरदस्तीने मन वळवणं. शेवटचा कायदा न्यू ऑर्डर. तो केला की आशेचा काटा पाहायची गरजच उरत नाही, कारण लोकांनी आशा ठेवायची की नाही हेच आता तुमच्या हातात. चौकात फाशीचा मंच उभा राहतो. श्रद्धेच्या वाटेवर प्रार्थनागृह, सार्वजनिक स्वयंपाकघर, श्रद्धारक्षक आणि शेवटी न्यू फेथ. नावं वेगळी, जिना तोच.

इथली रचना हुशारीची आहे. पहिल्या तीन-चार पायऱ्या खरोखर उपयोगाच्या असतात आणि एक सही केली की पुढची करायला काही तास थांबावं लागतं. त्या वेळात पहाऱ्याने लोक शांत झालेले दिसतात. मग पुढच्या पायरीला हात कचरत नाही. मुकादम नेमला की त्या कामावरचं उत्पादन वाढतं आणि तुरुंगाने असंतोष उतरतो. प्रत्येक कायदा आजचा प्रश्न सोडवतो, म्हणून कुठे थांबायचं याची रेघ तुम्हालाच आखावी लागते.

याच गुणातून गेमचे दोन दोष निघतात. पहिला असा की इथला तुरुंग कधी चुकत नाही. पहारेकरी लाच घेत नाही. शेजाऱ्याचा जुना राग काढायला कोणी खोटी तक्रार करत नाही. प्रचार केंद्र बांधलं की आशा वाढतेच. दडपशाही हे एक चांगलं यंत्र असून फक्त मनाला महाग पडतं, असा समज त्यामुळे तयार होतो. याच्या शेजारी २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम ठेवून पाहा. तिथे तुम्ही सीमेवर शिक्के मारणारे साधे कारकून. एका माणसाची कागदपत्रं तपासली की पाच क्रेडिट, दिवसात दोन चुका माफ, तिसरीपासून दंड, आणि घरी बायकामुलांच्या जेवणाचा व उष्णतेचा खर्च. लोकांना अटकेत टाकलं तर पहारेकरी आपल्या कमाईतला वाटा देऊ करतो. हुकूमशाही खालच्या टेबलावर कशी किडते हे तिथे दिसतं. फ्रॉस्टपंकच्या कॅप्टनला ते कधीच दिसत नाही.

दुसरा दोष जास्त खोल आहे. या गेममध्ये वादळ खरं असतं. शेवटी तापमान उणे शंभरच्याही खाली जातं, शिकारी बाहेर पडू शकत नाहीत, आणि ज्याने कोळसा व अन्न साठवलेलं नसतं त्याचे लोक खरंच मरतात. म्हणजे सत्ताधाऱ्याने सांगितलेलं संकट प्रत्येक वेळी खरं निघतं. सोलापूरकराला इथे खटकायला हवं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे उठाव झाला, ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस लोकांनी शहर चालवलं. १२ मे रोजी मार्शल लॉ आला तो आभाळातून आलेल्या वादळामुळे नव्हे. संकट म्हणजे काय हे राज्यकर्त्यांनीच ठरवलं होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांजवळून रोज जाणाऱ्यांनी हा गेम खेळताना एवढं विचारावं: थर्मामीटर कोणाच्या हातात आहे?

दुसऱ्यांदा खेळलं की आणखी एक गोष्ट कळते. वादळ कधी येणार, निर्वासित कधी येणार हे माहीत असतं, म्हणून कोळसा आधीच साठतो आणि नेहमीच्या काठिण्यावर कडक कायद्यांची गरजच पडत नाही. गेमच्या हिशेबात अत्याचार म्हणजे ढिसाळ नियोजनाचा दंड. शिवाय शेवटी शहर वाचल्यावर, टोकाचे कायदे केले असतील तर गेम तुम्हाला विचारतो की हे सगळं करणं योग्य होतं का. चाळीस दिवस न बोलता शिकवलं आणि शेवटी मास्तर छडी घेऊन उभे राहिले. हा भाग काढून टाकला असता तर गेम जास्त बोचला असता.

टंचाईपेक्षा सत्तेच्या नोकरीत रस असेल त्यांनी ऑब्सिडियनचा टिरनी पाहावा. हा रोल-प्लेइंग गेम १० नोव्हेंबर २०१६ चा. कायरोस नावाच्या सर्वसत्ताधीशाचं जग जिंकून झालंय आणि तुम्ही त्या सत्तेच्या न्यायखात्याचे अधिकारी. साथीदारांची निष्ठा आणि भीती वेगवेगळी मोजली जाते, आणि दोन्हींच्या बदल्यात वेगळ्या शक्ती मिळतात. भीतीही फायद्याची ठरते, हेच त्याचं बोचणं. पहिल्या भागात आठ दिवसांची मुदत असते, तेव्हा विश्रांती जपून घ्या. शेवट मात्र घाईत गुंडाळला आहे.

फ्रॉस्टपंकच्या जोडण्यांपैकी, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या पूरक भागांपैकी, जानेवारी २०२० ची द लास्ट ऑटम आधी घ्या. इथे थंडी यायची असते आणि जनरेटर उभारायचा असतो. विषारी वायू, अपघात आणि संप. कामाची जागा असुरक्षित ठेवली की कामगार काम थांबवतात, तुम्ही आश्वासन देता, पाळलं नाही तर पुढचा संप लवकर होतो. इंजिनिअरांची बाजू घ्यायची की कामगारांची, असे कायद्याचे दोन फाटे आहेत. मूळ गेममध्ये नसलेली वाटाघाट इथे आहे, म्हणून ही जोडणी सरस. २० सप्टेंबर २०२४ चा फ्रॉस्टपंक २ याच दिशेने जातो. शंभर जागांची परिषद, साध्या कायद्याला ५१ मतं, मतांसाठी गटांना वचनं. राजकारण भरीव झालं, पण माणसं दिसेनाशी झाली. एखादं मूल खाणीत गेलं हे आता जाणवत नाही. पहिला न खेळता दुसऱ्याकडे जाऊ नका.

खरेदीचं सांगायचं तर पहिल्या भागासाठी किमान ४ जीबी रॅम, २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी जागा लागते. आरामात खेळायला ८ जीबी रॅम बरी. मराठी किंवा हिंदी मजकूर नाही, आणि कायद्यांचं इंग्रजी बारकाईने वाचावं लागतं. स्टीम या ऑनलाइन दुकानातून सवलतीत घ्या, जोडण्यांसह घेतला तर स्वस्त पडतो. सुरुवातीला नेहमीच्या काठिण्यावरच खेळा. पहिल्या दिवशी मावळतीआधी जनरेटर पेटवा, दोन दवाखाने पहिल्या दोन दिवसांत उभे करा, ढिगांवर उघड्यावर माणसं ठेवण्याऐवजी लवकर गोळा केंद्र बांधा, आणि ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे जनरेटर क्षमतेबाहेर चालवण्याचा, ताण शंभर टक्क्यांच्या जवळ गेला की बंद करा, नाहीतर जनरेटर फुटतो.

उन्हाळ्यात लॅपटॉप तापतो, तेव्हा गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक (चित्रांचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारा पर्याय) चालू ठेवा आणि सावल्या कमी करा. शहर मोठं झालं की चित्र तसंही अडखळतं. सर्व्हायव्हर या सर्वांत कठीण मोडमध्ये गेम थांबवून आदेश देता येत नाहीत आणि सेव्ह फक्त बाहेर पडताना होतं. दुपारी वीज जाण्याच्या वेळेत तो मोड इन्व्हर्टर नसेल तर उघडूच नका.