जर्मनीत केस कुठं कापायचे? जर्मन सलून, तुर्की दुकान की घरचं मशीन

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ओळखीच्या दोन पोरांना यंदा स्टुटगार्टला प्रवेश मिळालाय. परवा घरी आले होते. व्हिसा, खोली, मसाले किती न्यायचे असं सगळं विचारून झालं आणि उठता उठता एकानं हळूच विचारलं, "दादा, तिथं कटिंग कुठं करता?" मी तिथं सहा वर्षं काढली. पहिले दोन महिने नुसते केस वाढवून बसलो होतो, कारण कुठल्या दारातून आत जायचं तेच ठरत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरच्या मशीनचं आधी सांगून टाकतो. तिथली वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची, त्यामुळं इथलं मशीन तिथं चालतं. फक्त पिन दोन बारीक गोल दांड्यांची हवी, आपली तीन दांड्यांची तिथं बसत नाही. सगळं डोकं एकाच नंबरनं मारणाऱ्याचं यात भागतं. मागची मान मात्र दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी लागते, आणि खोलीत धड कात्री धरणारा मित्र असेलच असं नाही.

आता जर्मन सलून. आधी फोन करून वेळ घ्यायची, तिला तिकडं टर्मिन म्हणतात. पहिल्यांदा मी तसाच गेलो, चारही खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या, तरी पुढच्या गुरुवारी या म्हणून परत पाठवलं. काम मात्र नेटकं. स्वतःचं सलून काढायला तिथं सहसा माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा लागते, आणि ते शिक्षण हातात दिसतं. डोकं मागं टेकवून धुतात, किती मिलिमीटर ठेवायचे ते विचारतात, मुकाट्यानं कापतात. पुरुषांच्या कटिंगचे साधारण 25 ते 40 युरो. वस्तऱ्यानं दाढी क्वचितच कुणी करतं. लांब केसांच्या मुलींनी सरळ इथंच जावं, कारण तुर्की दुकानं बहुतेक पुरुषांचीच असतात.

आणि तुर्की दुकान. 1961 साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानात कामगारांचा करार झाला. तेव्हापासून तुर्कस्तानातली लाखो माणसं जर्मनीत आली आणि त्यांची दुकानंही आली. आत गेलं की दचकायला होतं. टीव्ही मोठ्यानं चालू, चार जण बोलतायत, कापणारा आपल्याला "आबी" म्हणतो, म्हणजे दादा. हातात छोट्या पेल्यात कोरा चहा येतो. माझं लक्ष पहिल्यांदा शब्दांकडं गेलं. वस्तऱ्याला ते उस्तुरा म्हणतात. आरशाला आयना, साबणाला साबून, दुकानाला दुक्क्यान, चहाला चाय. पाच हजारांहून जास्त किलोमीटर लांब खुर्चीत बसून कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीच्या सलूनमधले शब्द कानावर पडत होते.

चालीरीती मात्र वेगळ्या, त्या आधी माहीत हव्यात. कटिंग झालं की कानावरची बारीक लव जाळतात. सळईला कापूस, कापसाला स्पिरिट, त्याला काडी लावतात आणि पेटता बोळा कानावर भराभर टेकवतात, लगेच तळहातानं झटकतात. भाजत नाही, कानाला नुसती ऊब लागते. पण जळक्या केसांचा वास येतो. आपल्याकडं त्या वासाचा संबंध कशाशी आहे ते सांगायला नको, मला तो आजही सोसत नाही. नको असेल तर बोळा पेटायच्या आधीच "नाइन", म्हणजे नको, म्हणून हात वर करा. कुणी वाईट वाटून घेत नाही. नाकातले केस गरम मेणानं ओढतात, ते ज्याचं त्यानं ठरवावं. डोकं पुढं वाकवून बेसिनमध्ये धुतात, लहानपणी आई नळाखाली धरायची तसं. आपण तुरटी फिरवतो तिथं ते कोलोन्या लावतात, लिंबाच्या वासाचं ऐंशी टक्के अल्कोहोल. ताज्या दाढीवर ते चरचरतं. कुणी मान मोडायला लागला तर तिथंही नको म्हणा आणि इथल्या सलूनमध्येही नको म्हणा. त्या झटक्यानं मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. पातं आपल्यासमोर नवं घालायला लावा. साधारण 15 ते 25 युरो पडतात, पण मेण, दाढी, मसाज यांचे वेगळे. मी पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली आणि दुप्पट पैसे मोजले. बसायच्या आधी भाव विचारा, रोख रक्कम जवळ ठेवा.

वार हा मोठा मुद्दा आहे. आपलं कटिंग रविवारी सकाळी. तिथं रविवारी सगळं बंद, आणि जुनी जर्मन सलूनं आपल्या सलूनवाल्यांसारखीच सोमवारीही बंद. घरून मंगळवार-शनिवार पाळायला सांगितलं असेल तर आठवड्यात फारसं काही उरत नाही. तुर्की दुकानं सोमवारी बहुतेक उघडी असतात, टर्मिनही लागत नाही.

मी शेवटपर्यंत तुर्की दुकानातच गेलो, त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. तिसऱ्या वर्षी आजोबा गेले. मला निघता आलं नाही. दहाव्याच्या दिवशी त्या दुकानात गेलो आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, डोकं पूर्ण करायचं, मिशीसुद्धा. त्यानं टीव्ही बंद केला. मशीन बाजूला ठेवून वस्तरा घेतला, गरम टॉवेल टाकून डोकं मऊ केलं आणि अर्धा तास एक शब्द न बोलता काम केलं. एरवी काम संपलं की तो "सिहात्लेर ओल्सुन" म्हणायचा, यातला सिहात म्हणजे आपण ऐकतो ती सेहत. त्या दिवशी म्हणाला, "बाशन सा ओल्सुन." दुःखात म्हणायचे शब्द आहेत, अर्थ होतो तुझं डोकं सलामत राहो. पैसे घेतले नाहीत. इतकं ओळखीचं माणूस मला त्या शहरात दुसरीकडं मिळालं नव्हतं.

तर माझं मत असं. नोकरीच्या मुलाखतीआधी किंवा लांब केस असतील तर जर्मन सलून, एरवी दर महिन्याला तुर्की दुकान. दोन्हीकडं आपला "दोन नंबर" कळत नाही, मिलिमीटर सांगावे लागतात: एक नंबर म्हणजे 3, दोन नंबर म्हणजे 6. बाजूनं उतरतं हवं असेल तर "यूबरगांग" म्हणायचं. आणि विमानाच्या आठवडाभर आधी आपल्या नेहमीच्या माणसाकडून कटिंग करून घ्या. उठायच्या आधी त्याच्याच हातात मोबाईल देऊन डोक्याचा मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या. तिथं तोच दाखवायचा.