केंब्रिजचं शाळांसाठीचं मटेरियल: बेळगावच्या एका छोट्या अनएडेड शाळेतून रिव्ह्यू

आमची शाळा केंब्रिजची नाही हे आधीच सांगतो. बेळगाव तालुक्यातली छोटी अनएडेड इंग्लिश मीडियम शाळा, कर्नाटक स्टेट बोर्ड, दहावीला एसएसएलसी. पोरांच्या घरी मराठी, बसमध्ये आणि बाजारात कन्नड, वर्गात इंग्लिश. तरी हा रिव्ह्यू केंब्रिज इंटरनॅशनलच्या टीचिंग आणि असेसमेंट मटेरियलचा आहे, कारण त्यातलं जे खरंच कामाचं आहे त्यातलं बरंच त्यांच्या वेबसाईटवर फुकट आहे, अ‍ॅफिलिएशन लागत नाही, लॉगिन लागत नाही, आणि आपल्या खानापूर निपाणी चिकोडी भागातल्या लई शिक्षकांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. केंब्रिज युनिव्हर्सिटी शाळांच्या परीक्षा 1858 पासून घेते. त्यांची आयजीसीएसई म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या लेव्हलची, तिची पहिली परीक्षा 1988 ला झाली. 2021 मध्ये युनिव्हर्सिटीची पुस्तकं छापणारी प्रेस आणि परीक्षा घेणारा विभाग एकत्र केले. एवढं पुरे, आता कामाचं.

सिलॅबस, मागचे पेपर, त्यांची मार्क स्कीम (कुठल्या उत्तराला किती मार्क द्यायचे ते तपासणाऱ्याला सांगणारा कागद) आणि एक्झामिनर रिपोर्ट, प्रत्येक विषयाच्या पानावर अलीकडचे काही मिळतात. पेपर सगळेच डाऊनलोड करतात, ट्युशनवाले तर आधी. पण सोनं आहे ते मार्क स्कीममध्ये. पेपर तपासायचे कसे हे आपल्याला बी.एड.ला कुणी नीट शिकवलं? सहामाहीचे गठ्ठे पुढ्यात येतात, दोन दिवसात मार्क भरायचे असतात, आणि प्रत्येक जण आपापल्या सवयीने तपासतो, त्यामुळे एकाच उत्तराला अ तुकडीत तीन आणि ब तुकडीत एक मार्क पडतो आणि मग पालक विचारतात तेव्हा आपल्याकडे सांगायला काही नसतं.

त्यांच्या मार्क स्कीमच्या सुरुवातीलाच तपासणाऱ्यासाठी नियम छापलेले असतात. मार्क कायम पूर्ण द्यायचे, अर्धा पाव काही नाही. चुकलं किंवा राहिलं म्हणून कापायचं नाही, जे बरोबर आलंय त्याचे द्यायचे. आणि स्पेलिंग, ग्रामर, पंक्चुएशन त्या प्रश्नात मुद्दाम तपासायचं असेल तरच बघायचं. हा शेवटचा नियम आपल्या सीमाभागातल्या पोरांसाठी किती मोठा आहे बघा. आठवीच्या पोराला पाण्याची वाफ कशी होते ते पक्कं ठाऊक आहे, डायग्राम बरोबर, कारण बरोबर, पण इव्हॅपोरेशनच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की आपल्याकडे मार्क गेला. तो मार्क सायन्सचा गेला का इंग्लिशचा? तीन भाषा सांभाळणाऱ्या पोराची भाषेसाठी सायन्समध्ये परत कापाकापी कशाला? आम्ही स्टाफ मीटिंगमध्ये हा नियम मोठ्याने वाचला आणि बराच वाद झाला, काही जण म्हणाले मग पोरं स्पेलिंग शिकणार कधी. माझं म्हणणं, स्पेलिंगला लाल पेनाने गोल करा, सुधारून लिहून घ्या, पण मार्क द्या.

गणिताची मार्क स्कीम तर प्रत्येक गणिताच्या शिक्षकाने एकदा तरी शेवटपर्यंत वाचावी. तिथे मार्कांना प्रकार आहेत. एम म्हणजे मेथडचा मार्क, ए म्हणजे अ‍ॅक्युरसीचा, बी म्हणजे मेथडशी संबंध नसलेला स्वतंत्र मार्क. समजा समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ आहे, समांतर बाजू 8 आणि 12, उंची 5. पोराने ½ × (8 + 12) × 5 बरोबर मांडलं आणि शेवटी 50 च्या जागी 55 लिहिलं, तर एमचा मार्क मिळतो, एचा जातो. आपल्याकडे उत्तर चुकलं म्हणून अख्ख्या गणितावर काट मारणारे अजून आहेत, आणि तसं करायला आपल्या बोर्डाने पण सांगितलेलं नाही, एसएसएलसीच्या गणिताच्या की आन्सरमध्ये सुद्धा स्टेपला मार्क असतात, अर्धा अर्धा करून. दुसरं म्हणजे एफटी, फॉलो थ्रू. पहिल्या भागात त्रिज्या चुकून 7 ऐवजी 6 आली, पण दुसऱ्या भागात त्या 6 ने क्षेत्रफळ व्यवस्थित काढलं, तर जिथे एफटी लिहिलंय तिथे दुसऱ्या भागाचे मार्क मिळतात. एका चुकीची शिक्षा एकदाच. आमच्या गणिताच्या बाईंनी नववीच्या युनिट टेस्टला ही पद्धत लावली आणि फरक असा पडला की पोरं पायऱ्या लिहायला लागली. आधी रफ वर्क मागच्या पानावर करून खोडून टाकायची, आता पुढे मांडतात, कारण पायरीला किंमत आहे हे त्यांना कळलं.

एक्झामिनर रिपोर्ट म्हणजे परीक्षा झाल्यावर मुख्य परीक्षक शिक्षकांसाठी लिहितात, प्रश्नाप्रश्नावर, पोरांनी काय चांगलं केलं, कुठे घसरली, चुकीचं उत्तर साधारण काय आलं. वाचताना वाटतं अरे ही तर आपलीच पोरं. एक्सप्लेन विचारलं तर नुसतं वर्णन करून सोडतात, युनिट लिहीत नाहीत, प्रश्नातलीच वाक्यं फिरवून परत लिहितात. आता बोर्डाच्या निकालानंतर आपल्याला काय मिळतं? टक्केवारी. जिल्हा कितव्या नंबरवर. पण दहावीच्या सायन्सच्या पेपरात आपल्या भागातली पोरं नेमकी कुठल्या प्रश्नाला आणि का अडली हे एका पानावर जरी शिक्षकाच्या हातात आलं तरी पुढच्या वर्षीचं शिकवणं बदलेल. आम्ही आता आपल्याच सहामाहीनंतर प्रत्येक विषयाचा असा एक पानी रिपोर्ट लिहितो आणि तो पुढच्या वर्षी त्या वर्गाला जो शिकवणार त्याला देतो.

सायन्सवाल्यांसाठी अजून एक. आयजीसीएसईच्या फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजीला पेपर 6 बघा, अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल. प्रयोग प्रत्यक्ष न करता प्रयोगाचं डोकं तपासणारा पेपर, थर्मामीटरचं चित्र देऊन रीडिंग घ्या, टेबल भरा, ग्राफ काढा, चूक कुठे होऊ शकते सांगा. ज्या शाळेत एकच लॅब आणि त्यातही अर्धी काचेची भांडी फुटलेली, तिथे हे प्रश्न फळ्यावर घेतले तरी चालतात, करंट गेला तरी अडत नाही. गणितात पण 2025 पासून त्यांनी कॅल्क्युलेटरशिवायचा पेपर आणलाय, आपल्या पोरांना तोच द्यायचा.

आता जे आवडलं नाही ते. सगळं इंग्लिशमध्ये, आणि ते इंग्लिश सरळ असलं तरी मराठी मीडियमच्या शिक्षकाला एकट्याने बसून वाचायला जड जातं. मराठीत असं काही आलं पाहिजे, कुणीतरी करा. उदाहरणं परदेशी धाटणीची, ती तशीच उचलून उपयोग नाही, आकडे ठेवून गोष्ट आपली घालायची, उसाचं वजन, तंबाखूचं पोतं, रेल्वेचं टाईमटेबल काहीही. आणि सगळ्यात चांगलं शिकवण्याचं मटेरियल, युनिट प्लॅन, जास्त वर्षांचे पेपर, हे त्यांच्या स्कूल सपोर्ट हब नावाच्या साईटवर आहे, तिथे फक्त त्यांच्या रजिस्टर्ड शाळांच्या शिक्षकांनाच प्रवेश. त्यांच्या प्रायमरी आणि लोअर सेकंडरीच्या शेवटी असते ती चेकपॉइंट टेस्ट, जिच्या रिपोर्टमध्ये पोरगं विषयातल्या कुठल्या भागात कच्चं ते दिसतं, ती पण त्यांच्याच शाळांना. शिक्षकांसाठी पीडीक्यू म्हणून सर्टिफिकेट आणि डिप्लोमा आहेत, वर्गातल्या कामाचा पुरावा जमवून पोर्टफोलिओ करायचा असतो, कल्पना मला फार पटली, पण नोकरीला बी.एड.च्या जागी ते चालत नाही हे तरुण शिक्षकांनी लक्षात ठेवा.

मॅनेजमेंटवाल्यांना सांगतो, बोर्ड बदलायची घाई करू नका. शाळेची वर्षाची फी वेगळी, वर प्रत्येक पोराची प्रत्येक विषयाची परीक्षा फी वेगळी, ती शेवटी पालकाच्याच खिशातून. भारतासाठी मार्चमध्ये परीक्षा असते आणि एआययूची (भारतातल्या युनिव्हर्सिट्यांची संघटना) समकक्षता आहे, म्हणजे पुढे दारं बंद होत नाहीत, पण पीयूसीला (आपली अकरावी बारावी) अ‍ॅडमिशन घेताना कुठले विषय, कुठले ग्रेड लागतात ते आधी लेखी विचारून घ्या. कन्नड तर कर्नाटकात 2015 च्या कायद्याने दुसऱ्या बोर्डांच्या शाळांनाही शिकवावंच लागतं.

आणि एक कळकळीने सांगतो. असेसमेंट पॅकेज विकणारे एजंट शाळाशाळांतून फिरतात. आमच्याकडे अशाच एका कंपनीचं पॅकेज घेतलं होतं, नाव घेत नाही. ओएमआर शीट, प्रत्येक पोराचा रंगीत रिपोर्ट, बार चार्ट, पालक सभेला दाखवायला छान. पण उत्तर का चुकलं ते कुठेच नाही, प्रश्न परत बघायला मागितले तर देत नाहीत, आणि ट्रेनिंग म्हणून जो माणूस आला त्याने अ‍ॅप कसं उघडायचं एवढंच शिकवलं. पोरांच्या फीतून गेलेला पैसा आहे तो, राग येतो. पॅकेज घ्यायचंच असेल तर सही करायच्या आधी तीन गोष्टी मागा: मार्क स्कीम दाखवा, चुकलेल्या उत्तरांवर काय लिहून देणार ते दाखवा, आणि पेपर शाळेकडे राहणार का ते लिहून द्या.

सुरुवात करायची तर आयजीसीएसई मॅथेमॅटिक्स, कोड 0580, त्याचा कोअरचा एक पेपर, त्याची मार्क स्कीम आणि त्याच सीरिजचा, म्हणजे त्याच वेळच्या परीक्षेचा, एक्झामिनर रिपोर्ट, तिन्ही एकत्र प्रिंट करा. कोअर सोपा असतो, एक्सटेंडेड नंतर. सायन्सला फिजिक्स 0625 चा पेपर 6. बरोबरीने एसएसएलसीचा मॉडेल पेपर आणि त्याची की आन्सर ठेवा, कारण आपल्या पोरांना शेवटी तीच परीक्षा द्यायचीय, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दोघा तिघा शिक्षकांनी एकच उत्तरपत्रिका वेगवेगळी तपासून मार्क जुळतात का बघा.