अथेन्सला जाताय? अगोरा म्युझियममधलं पाणघड्याळ बघाच

अथेन्समध्ये सगळे टेकडीवरच्या अ‍ॅक्रोपोलिसच्या लाइनीत असतात, ते कराच, पण खालच्या अगोरातलं, म्हणजे जुन्या बाजारचौकातलं, म्युझियमही वेळ काढून बघा, स्टोआ ऑफ अ‍ॅटॅलॉस नावाच्या लांबलचक खांबांच्या बिल्डिंगमध्ये आहे आणि अगोराच्याच तिकिटात होतं. मला तिथलं सगळ्यात आवडलं ते क्लेप्सिड्रा, म्हणजे भाषणाला वेळ लावायचं पाणघड्याळ. मातीची दोन भांडी वरखाली मांडलीयेत, वरचं ओरिजिनल, इसवीसनपूर्व पाचव्या शतकाच्या शेवटचं, खालचं नव्याने बनवलेलं.

अगदी जवळ जाऊन बघा हं. काठाच्या जरा खाली एक भोक आहे, जास्तीचं पाणी तिथूनच निघून जायचं, म्हणजे दरवेळी लेव्हल तीच, कोणाला घोटभर जास्त नाही की कमी नाही. तळाशी ब्राँझची बारीक नळी, धार पडायची तिच्यातून. बाहेर अँटिओकिस असं नाव आहे, अथेन्सच्या नागरिकांचे १० गट होते त्यातला हा एक, सॉक्रेटिस याच गटातला! शिवाय फुलीसारख्या दोन खुणा, म्हणजे २ खूस (तेव्हाचं पाणी मोजायचं माप), साधारण ६.४ लिटर, रिकामं व्हायला सुमारे ६ मिनिटं. आपल्याकडे मुहूर्ताला घंगाळात भोकाची वाटी सोडायचे, ती भरून बुडाली की घटका झाली, इथे उलटं, भांडं रिकामं झालं की तुमचं बोलणं संपलं.

कोर्टात ५००० द्राख्मांच्या (तिथलं तेव्हाचं नाणं) वरचा दावा असेल तर प्रत्येक बाजूच्या पहिल्या भाषणाला १० खूस पाणी आणि दुसऱ्याला ३, दावा लहान तर पाणीही कमी, पण दोन्ही बाजूंना सारखंच, आणि कायदा किंवा साक्ष वाचायला घेतली की धार बंद करायचे. किती विचार केलाय बघा! पैसेवाला असो नाहीतर नाव असलेला, पाणी तेवढंच. मला हे फार म्हणजे फारच पटलं.

जवळच रोमन अगोरात टॉवर ऑफ द विंड्स आहे, अष्टकोनी, संगमरवरी. बाहेर भिंतींवर सूर्यघड्याळाच्या रेघा आणि आत पाणघड्याळ होतं, यंत्र गेलं पण फरशीतल्या खोबणी अजून दिसतात. मुलं बरोबर असतील तर कोलोनाकी भागातलं प्राचीन ग्रीक यंत्रांचं कोत्सानास म्युझियम पण करा, अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओस या प्राचीन ग्रीक संशोधकाच्या पाणघड्याळाचं मॉडेल आहे तिथे, पाणी चढतं तसा फ्लोट वर येतो आणि त्यावरची छोटी मूर्ती तास दाखवते.