रिव्हर्सिबल जर्सी घेतली, पण परदेशातल्या मॅचला कलरची भांडणं मिटली का?

सरळ निकालच सांगून टाकतो. एका बाजूने गडद आणि उलटी करून घातली की फिकट, अशी रिव्हर्सिबल जर्सी परदेशात टूर्नामेंट खेळायला जाणाऱ्या क्लबने घ्यावी का? बास्केटबॉलवाल्यांनी आणि सेव्हन-अ-साइडवाल्यांनी डोळे झाकून घ्या, अकरा जणांचा फुटबॉल खेळणाऱ्यांनी मात्र पुढचं वाचा आणि मगच ऑर्डर द्या. माझ्याकडून पाचात साडेतीन स्टार, आणि दीड स्टार का कापला ते सांगायलाच हे लिहितोय.

नेहमीच्या लीगमध्ये कलरचा प्रश्न येतच नाही, कोण काय घालतं ते सगळ्यांना पाठ असतं, फार तर आदल्या रात्री एक मेसेज टाकला की विषय संपला. परदेशात तसं नसतं. बॅगेचं वजन बघून सामान भरलेलं असतं म्हणून दुसरा सेट मागेच राहतो, समोरचा क्लब कधी बघितलेला नसतो, त्यांच्या पेजवर मागच्या सीझनचे फोटो असतात आणि ग्राउंडवर पोचल्यावर कळतं की अरे हेही निळेच! मग सुरू, आम्ही का बदलू, तुम्ही बदला. ग्राउंड खरं तर दोघांचंही नसतं, पण फिक्स्चरमध्ये ज्याचं नाव पहिलं तो कागदोपत्री यजमान, आणि हे निम्म्या कॅप्टनना तिथे जाऊन कळतं.

फुटबॉलचा चौथा नियम एवढंच म्हणतो की दोन्ही टीम एकमेकांपासून आणि रेफ्रीपासून वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. बदलायचं कोणी हे त्यात लिहिलेलं नाही, ते त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीत असतं आणि ती पीडीएफ कोणी उघडत नाही. युएफा म्हणजे युरोपातली फुटबॉल संघटना, तिच्या क्लब स्पर्धांत दोघांचे रंग सारखे निघाले तर पाहुण्यांनी बदलायचं. बास्केटबॉलमध्ये फिबाने, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, वादाला फारशी जागाच ठेवलेली नाही, पहिलं नाव असेल त्याने फिकट, शक्यतो पांढरी, दुसऱ्याने गडद, आणि दोघांचं आपसात जमलं तर अदलाबदल. रिव्हर्सिबल जर्सी तिथे इतकी चालते ती यामुळेही.

आणि ही भानगड फक्त हौशी क्लबांची आहे असं समजू नका. १९७८ च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनात मार देल प्लाताला फ्रान्स आणि हंगेरी दोघंही पांढऱ्या जर्सी घेऊन आले, शेवटी तिथल्याच किम्बर्ले नावाच्या क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी आणून फ्रान्सला दिल्या, मॅच उशिरा सुरू झाली आणि काही खेळाडूंचा शर्टावरचा नंबर एक आणि शॉर्ट्सवरचा भलताच. जिंकला फ्रान्सच, ३-१. त्याआधी १९५८ ला स्वीडनमध्ये अर्जेंटिनावर हीच वेळ आली होती, पश्चिम जर्मनीविरुद्ध ते माल्मोच्या एका क्लबच्या पिवळ्या जर्सीत खेळले. आणि २०१९ च्या क्रिकेट वर्ल्ड कपला बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध आपली टीम भगव्या-निळ्यात उतरली होती ती पण याच कारणाने, दोघंही निळे आणि निळा राहिला यजमान इंग्लंडकडे. ती मॅच आपण ३१ रनने हरलो आणि नंतर बिचाऱ्या जर्सीवर लोकांनी काय काय खापर फोडलं ते सगळ्यांना आठवत असेलच.

तर आता प्रॉडक्टकडे. आमच्या क्लबने ऑनलाइन ऑर्डर देऊन बनवून घेतली, एक बाजू नेव्ही ब्लू, दुसरी पांढरी. दुकानाचं नाव देत नाही कारण जे प्रॉब्लेम सांगतोय ते या प्रकाराच्याच जर्सीचे जास्त आहेत. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे वेग. वॉर्मअप करताना रेफ्री आला, हाताने खूण केली, पोरांनी तिथेच जर्सी उलटी केली, वाद सुरू व्हायच्या आत संपला. समोरचे अजून त्यांच्या मॅनेजरला शोधत होते. हा सीन बघायलाच पैसे वसूल आहेत राव.

पण कापड दोन थरांचं. सुक्या जर्सीत काही वाटत नाही, धावून धावून घाम आला की दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि पाठीवर ओलं फडकं टाकल्यासारखं होतं. आणि खरी गंमत पुढे आहे, पांढरी बाजू बाहेर असताना ती भिजली की आतल्या नेव्हीची सावली दिसायला लागते, आतला नंबर उलटा होऊन बाहेर उमटतो, लांबून आठचा तीन की तीनचा आठ काही कळत नाही. पूर्ण वेळाच्या फुटबॉल मॅचला हे चालणार नाही. छोट्या वेळेच्या मॅचला आणि बास्केटबॉलच्या जाळीदार, बिनबाह्यांच्या जर्सीला हा त्रास कमी, कारण तिथे हवा खेळती राहते.

नंबर कसे छापलेत ते ऑर्डर देण्याआधी विचाराच. गरम प्रेसने चिकटवलेला नंबर असेल तर जर्सी सारखी उलटसुलट करून तो कडेने उचकटतो. सब्लिमेशन म्हणजे रंग कापडातच मुरवलेला असेल तर उचकटायला काही नसतंच. आणि लाल पॉलिस्टरवर पांढरा नंबर चिकटवून घेणार असाल तर खास सांगतो, कापडातला लाल रंग उष्णतेने त्या पांढऱ्यात चढतो आणि नंबर हळूहळू गुलाबी होतो, त्यासाठी खाली वेगळा अडवणारा थर लागतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे रंग कुठले निवडायचे. इथेच लोक आपटतात, कारण दोन बाजूंना दोन वेगळे रंग घेतले की झालं असं वाटतं. एका क्लबची जर्सी एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने हिरवी होती, ऐकायला किती वेगळं, पण दोन्ही सारख्याच गडद. साधारण १२ पुरुषांमागे एकाला रंग ओळखण्यात काही ना काही अडचण असते, बायकांमध्ये २०० मागे एक, आणि त्यात लाल-हिरव्याचा घोळ सगळ्यात कॉमन. २०१८ च्या वर्ल्ड कपची पहिलीच मॅच, लाल रशिया आणि हिरवा सौदी अरेबिया, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या अशा कितीतरी लोकांनी तक्रार केली होती की कोण कोणाला पास देतंय तेच समजत नाहीये. तेव्हा एक बाजू खरीच फिकट हवी आणि दुसरी खरीच गडद. तपासायची सोपी ट्रिक म्हणजे मोबाइलमध्ये जर्सीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा, दोन्ही एकाच करड्या रंगाच्या दिसल्या तर ती ऑर्डर देऊ नका. हीच ट्रिक मॅनेजर मीटिंगमध्ये समोरच्या टीमची जर्सी आपल्या शेजारी ठेवून करा, दहा मिनिटांचा वाद दहा सेकंदात मिटतो, फोटोपुढे कोणाचं काही चालत नाही. आमची नेव्ही मात्र काळ्या कपड्यातल्या रेफ्रीपुढे थोडी अडचणीची ठरते, पुन्हा घेताना मी गडद बाजूला मरून रंग घेईन.

एक गोष्ट जाहिरातीत कुठेच नसते. उलटी होते ती फक्त जर्सी, शॉर्ट्स आणि सॉक्स नाही! आणि रेफ्री टॅकलमध्ये बॉलला कोणाचा पाय लागला ते सॉक्सवरून बघतो, त्यामुळे वरून वेगळे आणि खालून सारखे असं झालं की तो सॉक्स बदलायला लावू शकतो. बास्केटबॉलमध्ये शॉर्ट्सचा मुख्य रंग जर्सीचाच लागतो, म्हणून तिथे शॉर्ट्सही रिव्हर्सिबल असलेला सेटच घ्या. फुटबॉलवाल्यांनी सॉक्सचा एक जादा सेट बॅगेत टाकायचा, त्याचं वजन ते काय. आतून घालायच्या लांब बाह्यांच्या टी-शर्टचंही लक्षात ठेवा, तो बाहीच्या रंगाचा लागतो, म्हणजे जर्सी उलटी केली की तोही बदलायचा आणि थंडीत हे करताना पोरं जे काही बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

स्पॉन्सरचं प्रकरण वेगळंच. लोगो एकाच बाजूला छापला तर ती बाजू आत गेल्यावर त्यांचा फोन येतो, दोन्ही बाजूंना छापला तर खर्च वाढतो आणि जर्सी अजून जाड होते. आधीच लेखी ठरवून घ्या.

कीपरची जर्सी या सेटमध्ये येत नाही, ती वेगळी मागवावी लागते, आणि तिथेही नेव्ही-पांढरं सोडून तिसराच रंग लागतो कारण कीपरने दोन्ही टीमच्या खेळाडूंपेक्षा आणि रेफ्रीपेक्षा वेगळं दिसायचं असतं. दोन्ही कीपर एकाच रंगात आले आणि कोणाकडेच दुसरी जर्सी नसेल तर मात्र नियमाप्रमाणे रेफ्री मॅच खेळू देतो, तेव्हा त्यावरून समोरच्यांनी आरडाओरडा केला तर शांतपणे चौथा नियम उघडून दाखवायचा.