क्रूझवर संध्याकाळी किती नटायचं? कंपन्यांच्या ड्रेस कोडचं परीक्षण

क्रूझची बॅग भरताना सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नात जातो: फॉर्मल नाइटला, म्हणजे औपचारिक पोशाखात जेवायला जायच्या संध्याकाळी, कोट लागणार की नाही? कंपन्यांच्या पत्रकात ‘एलिगंट’, ‘चिक’, ‘ड्रेसी’ असे शब्द असतात. ते वाचून चित्र छान उभं राहतं, पण बॅगेत काय टाकायचं ते ठरत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवरून. हा नियम जहाजावरच्या कोणत्या जागांना लागू आहे, आणि नियमात न बसणाऱ्या माणसाला दारात थांबवतात की आत घेतात. पुढचं परीक्षण या दोन कसोट्यांवरच केलं आहे.

सुरुवात क्युनार्डपासून, कारण औपचारिक पोशाख अजूनही मनापासून सांभाळणाऱ्या मोठ्या कंपन्यांमध्ये तिचं नाव पहिलं. संध्याकाळी ६ वाजले की जहाजाचा नूर पालटतो. रोजच्या संध्याकाळी ‘स्मार्ट अटायर’ पुरतो: टायची सक्ती नाही, नीटनेटकी, न फाटलेली जीन्ससुद्धा चालते. ‘गाला इव्हिनिंग’ला मात्र पुरुषांनी टक्सिडो (बो टायबरोबर घालायचा काळा औपचारिक सूट) किंवा टाय लावून गडद सूट, स्त्रियांनी इव्हिनिंग गाऊन, कॉकटेल ड्रेस किंवा रुबाबदार ट्राउझर सूट घालावा अशी अपेक्षा असते. आपापल्या देशाचा औपचारिक पारंपरिक पोशाखही तितकाच मान्य आहे. २००४पासून चालणाऱ्या ‘क्वीन मेरी २’ या तिच्या जहाजावर साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क या ७ रात्रींच्या फेरीत अशा साधारण दोन संध्याकाळी येतात.

क्युनार्डला जास्त गुण द्यायचं कारण वेगळंच आहे. ज्यांना नटायचं नाही त्यांनी कुठे जायचं, हे ती स्पष्ट सांगते. ‘क्वीन मेरी २’वर किंग्ज कोर्ट बुफे, गोल्डन लायन पब, कॅरिंथिया लाउंज या जागा गाला रात्रीही साध्या कपड्यांसाठी मोकळ्या असतात. मुख्य रेस्टॉरंट आणि क्वीन्स रूमचा बॉलरूम मात्र नटलेल्यांसाठी. म्हणजे सूट न नेणारा माणूस उपाशी राहत नाही, फक्त संध्याकाळी जहाजाचा अर्धा भाग त्याच्यासाठी मिटलेला असतो. दोन रात्रींपुरतं ते चालणार असेल तर सूट घरी ठेवावा. बॉलरूममध्ये नाचायचं असेल तर नेलाच पाहिजे, कारण ‘क्वीन मेरी २’ची खरी शोभा तिथेच आहे.

प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवर ७ रात्रींच्या सफरीत साधारण दोन फॉर्मल नाइट असतात. लिहिलेला नियम भारदस्त, अंमल बराच सैल. डायनिंग रूममध्ये टक्सिडोवाला, ब्लेझरवाला आणि नुसता लांब बाह्यांचा शर्ट घातलेला असे तिघं शेजारच्या टेबलांवर दिसतात. इथे गडद सूट पुरेसा होतो, टक्सिडोची गरज नाही. हॉलंड अमेरिका कंपनीने ‘गाला’ हे नाव सोडून ‘ड्रेसी’ असं म्हणायला सुरुवात केली, त्यामुळे कोट नसला तरी चालतो हे उघड झालं, पण चांगला कॉलरचा शर्ट हवाच.

सेलिब्रिटी या कंपनीने २०१५च्या अखेरीस फॉर्मल नाइट बंद करून ‘इव्हिनिंग चिक’ आणला. हा शब्द आमच्या मते सगळ्यात मोघम. यात डिझायनर जीन्स चालते, स्पोर्ट कोट ऐच्छिक आहे, आणि तरी समोरचा माणूस पूर्ण सुटात येऊ शकतो. गोंधळ होतो तो जोडप्यांचा: एकाने ‘चिक’ म्हणजे गाऊन समजायचा, दुसऱ्याने ‘चिक’ म्हणजे जीन्स, आणि फोटोत दोघं वेगवेगळ्या समारंभांना निघाल्यासारखे दिसायचे. उपाय सोपा आहे. एक गडद ब्लेझर, त्याखाली उघड्या कॉलरचा शर्ट; जोडीदाराला गुडघ्यापर्यंतचा ड्रेस किंवा काळी ट्राउझर आणि चमकदार टॉप. ही पातळी सेलिब्रिटीवर कधीच कमी पडत नाही, जास्तही होत नाही.

कार्निव्हलचा नियम वाचायला सगळ्यात सोपा, कारण काय चालत नाही ते सरळ लिहिलेलं असतं. २ ते ५ दिवसांच्या सफरीत एक ‘क्रूझ एलिगंट’ संध्याकाळ, ६ किंवा जास्त दिवसांच्या सफरीत दोन. त्या रात्री डायनिंग रूममध्ये शॉर्ट्स, टी-शर्ट, जीन्स, खेळाचे कपडे, फ्लिप-फ्लॉप आणि बेसबॉल कॅप नको. पुरुषांना ड्रेस पँट आणि शर्ट पुरतो, कोट हौसेचा. असा नियम प्रत्येक कंपनीने लिहायला हवा. माणसाला ‘शोभिवंत या’ सांगण्यापेक्षा ‘चपला नकोत’ सांगितलेलं लवकर कळतं. रॉयल कॅरिबियनवर लहान सफरीत एक, आठवडाभराच्या सफरीत दोन अशा रात्री धराव्यात; तिथेही सूट किंवा ब्लेझर दोन्ही खपून जातात.

नॉर्वेजियनने २०००मध्ये ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली आणि ठरावीक वेळेच्या जेवणाबरोबर सक्तीची फॉर्मल नाइटही गेली. तरी ‘काहीही चालतं’ असा अर्थ काढू नये: ले बिस्त्रोसारख्या रेस्टॉरंटमध्ये पुरुषांना लांब पँट लागते. एक पँट, एक कॉलरचा शर्ट, बंद बूट, एवढं बॅगेत असलं की झालं. व्हायकिंगची समुद्री जहाजं आणि ओशनिया यांच्याकडे फॉर्मल नाइट नाहीतच, पण संध्याकाळची सरासरी पातळी वरची असते. तिथे सूट नको, पण ब्लेझर रोज कामाला येतो. व्हर्जिन व्हॉयेजेसवर ड्रेस कोड नाही, फक्त ‘स्कार्लेट नाइट’ला सगळे लाल घालतात. लाल काही न नेणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण अख्खं जहाज लाल झालेलं असताना एकट्यानं पांढऱ्यात उभं राहणं जिवावर येतं. लाल स्कार्फ किंवा मोजे, इतकंही पुरतं. अंटार्क्टिकासारख्या मोहिमेच्या जहाजांवर हा प्रश्नच निकालात निघतो: गरम स्वेटर आणि स्वच्छ पँट घालून जेवायला जायचं.

फॉर्मल नाइट कोणत्या दिवशी येणार, याचा अंदाज वेळापत्रकावरून बांधता येतो. पहिल्या रात्री ती सहसा नसते, कारण बॅगा केबिनच्या दाराशी संध्याकाळी उशिरापर्यंत येत राहतात. बंदरावरून उशिरा निघायचं असेल त्या दिवशीही टाळतात. ज्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रात असतं ती संध्याकाळ बहुतेक वेळा ठरलेली, त्यातही सफरीची दुसरी रात्र समुद्रातली असेल तर पहिली फॉर्मल नाइट तीच धरावी. याचा उपयोग इस्त्रीच्या नियोजनाला होतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

केबिनमध्ये इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर नेता येत नाही. आगीची भीती हे कारण रास्त आहे, आणि तपासणीत सापडला की तो काढून घेतात, सफर संपल्यावर परत देतात. प्रिन्सेस, क्युनार्ड आणि कार्निव्हलच्या जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली आणि इस्त्रीचं टेबल असतं. फॉर्मल नाइटच्या दुपारी ४ ते ६ तिथे रांग लागते, म्हणून सकाळी जेवणाच्या वेळी जावं. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीवर अशी खोली नसते, कपडे प्रेससाठी द्यावे लागतात. ते पहिल्याच संध्याकाळी केबिन अटेंडंटकडे द्यावेत. फॉर्मल नाइटच्या दिवशी दिले तर वेळेवर परत येतील याचा भरवसा नाही.

बाथरूममध्ये वाफ धरायचा उपाय सगळे सांगतात, पण तो का फसतो हे कोणी सांगत नाही. केबिनच्या बाथरूममध्ये हवा खेचणारी जाळी सतत चालू असते आणि वाफ जमायच्या आत निघून जाते. म्हणून कपडा शॉवरच्या जवळ, पण पाण्याचे थेंब उडणार नाहीत इतक्या अंतरावर टांगावा, दार घट्ट लावावं, १० ते १५ मिनिटं गरम पाणी सोडावं. मग कपडा खाली लोंबत ठेवून तळहातानं वरून खाली हलकेच ओढत न्यावा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच घालावा. लोकरीचा कोट यानं सरळ होतो, कारण ओलाव्यानं लोकरीचे तंतू मूळ आकाराकडे वळतात. लिननवर हा उपाय चालत नाही, आणि रेशमावर थेंब पडला तर डाग राहतो.

त्यापेक्षा सुरकुती पडूच न देणं बरं. ड्राय-क्लीनिंगची पातळ प्लॅस्टिक पिशवी कोटावर तशीच ठेवून घडी घालावी: प्लॅस्टिकवरून कापड सरकतं, एका जागी दाबलं जात नाही, म्हणून घडीची रेघ उमटत नाही. कोटाची एक बाजू उलटी करून दुसरी खांद्यात घातली की खांद्याचा आकार टिकतो. स्त्रियांसाठी जर्सी, क्रेप आणि प्लीट घातलेलं पॉलिस्टर ही प्रवासाला सगळ्यात खात्रीची कापडं. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, म्हणून चार-सहा चुंबकी हुक नेले की कपाट लहान असलं तरी गाऊन पूर्ण लांबीत टांगता येतो.

आता प्रमाण. ७ रात्री, त्यात दोन फॉर्मल, असं धरलं तर पुरुषाला एक गडद निळा किंवा कोळशी सूट, दोन पांढरे शर्ट, दोन टाय, एक काळा बुटांचा जोड, शिवाय दुसरी एक पँट आणि तीन-चार कॉलरचे शर्ट पुरतात. सुटाची पँट कोटाविना आणि सुटाचा कोट दुसऱ्या पँटवर, असं फिरवलं की पाच संध्याकाळी निघतात. काळा सूट मात्र असा फिरत नाही, त्याचा कोट दुसऱ्या पँटवर उपरा दिसतो. स्त्रीला एक काळा लांब ड्रेस किंवा लांब स्कर्ट, त्यावर दोन वेगळे टॉप, आणि एक ऊबदार शाल. शाल विसरू नये. डायनिंग रूम आणि थिएटरचं एसी इतकं थंड असतं की दुसऱ्या पदार्थापर्यंत उघडे खांदे गारठतात.

टक्सिडो नेणाऱ्यांनी घर सोडण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: फ्रेंच कफच्या (दुमडून लावायच्या बाहीच्या) शर्टाला कफलिंक, छातीवर बटणांच्या जागी लावायचे स्टड, आणि गळ्याचं माप. कॉलर लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत जहाजावरचं जेवण कमरेवर दिसायला लागतं, म्हणून पँटच्या बाजूला पट्टी ओढून कंबर सैल करता येईल अशी पँट बरी. आयता बांधलेला बो टाय चांगला दिसतो, त्यात कमीपणा नाही. हाताने बांधायचा असेल तर केबिनमध्ये नाही, घरी सराव करावा.

बुटांकडे मात्र कोणीच नीट लक्ष देत नाही. कपाटात पाच-सात वर्षं पडून राहिलेल्या फॉर्मल बुटांचा तळवा वरून चकचकीत दिसतो, पण तो पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजलेला असतो. डायनिंग रूमपर्यंतच्या लांब कॉरिडॉरमध्ये तो चुऱ्यासारखा गळायला लागतो आणि मागे गालिच्यावर काळी रेघ उमटत जाते. जहाजावर दुसरा जोड मिळणं अवघड. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बूट तासभर घालून चालावं, तळवा अंगठ्यानं दाबून पाहावा. खाच पडली तर बदलावा. नवे चामडी तळव्याचे बूट घासून थोडे खरबरीत करावेत, नाहीतर नाचण्याच्या लाकडी जमिनीवर पाय घसरतो. उंच टाचा असतील तर जाड टाच किंवा वेज घ्यावी. जहाज हलकंसं झुललं की बारीक टाचेवरचा तोल जातो, आणि डेकवर जाणाऱ्या दारांना उंबरा असतो त्यात ती अडकते. उघड्या डेकवर फोटो काढायचे असतील तर जहाजाच्या वेगामुळे वारा नसतानाही वारा असतो. घेरदार, हलका स्कर्ट तिथे सांभाळता येत नाही. फोटोग्राफरने आत मांडलेल्या पडद्यासमोर उभं राहिलेलं बरं.

एकच सफर, एकच बॅग आणि विमानाची २३ किलोंची मर्यादा असेल तर निवड अशी करावी: क्युनार्ड असेल तर पूर्ण सूट आणि लांब ड्रेस, प्रिन्सेस किंवा रॉयल कॅरिबियन असेल तर सूट किंवा चांगला ब्लेझर, बाकी सगळीकडे ब्लेझर पुरे. सूट नेणार असाल तर कोट विमानात अंगावर घाला. बॅग हलकी राहते, आणि बॅग उशिरा आली तरी पहिली संध्याकाळ निभावते.

शेवटच्या रात्री फॉर्मल कपडे लागत नाहीत. बॅगा रात्री दहा-अकरापर्यंत केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे जेवणाआधीच सूट घडी करून आत गेलेला असावा. त्या बॅगा भरताना दुसऱ्या दिवशी उतरतानाचे कपडे, अंतर्वस्त्रं आणि बूट पलंगावर वेगळे काढून ठेवावेत. एकदा बॅग दारातून गेली की ती बंदरावरच दिसते, आणि रात्रीच्या पायजम्यात जहाज उतरण्याची वेळ येते ती याच विसरण्यामुळे.